काचेतल्या बाळाची बातमी

रतन मूळची वेल्ह्याच्या वरच्या अंगाची. लग्न होऊन भोरला आली तेव्हा तिचा नवरा सोपान हायवेवर शिवऱ्याला ट्रकची पंक्चरं काढायचा आणि शनिवारी घरी यायचा. एकटीला खोलीत करमेना, म्हणून ती एका खासगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. नाळ कापली की बाळ तिच्या हातात यायचं. कोमट पाण्यानं पुसून, फडक्यात गुंडाळून ती ते बाहेर उभ्या माणसांना दाखवायची. तिचा हात फार हलका होता.

तिला स्वतःला मात्र मूल नव्हतं. एखादी सासू चटकन म्हणायची, "हिच्या हातून नको पहिली अंघोळ." मग रतन गुमान बाजूला व्हायची आणि दुसरी आया पुढं यायची.

शेवटी तिथल्या डॉक्टरांनीच तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या लिमये डॉक्टरीणबाईंनी पोटात औषध सोडून फोटो काढला. लहानपणी तिला पोटाचा क्षय झाला होता. त्यातून जीव वाचला, पण गर्भाशयाकडं जाणाऱ्या दोन्ही नळ्या आतून चिकटल्या होत्या.

"तुझ्यात बीज तयार होतं गं," लिमयेबाई म्हणाल्या, "पण त्याला यायला वाटच उरली नाही."

रतननं ते कसंबसं पचवलं. सोपानच्या आईनं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, की सोपान ताटावरून उठून जायचा. तेवढ्यावर तिचे दिवस निघत होते.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात एका सकाळी डॉक्टर पेपर वाचता वाचता मोठ्यानं म्हणाले, "नवल आहे! इंग्लंडात नळ्या बंद असलेल्या बाईला मुलगी झाली. बीज बाहेर काढलं, काचेच्या बशीत फळवलं आणि परत पोटात ठेवलं."

रतनच्या हातात ओलं फडकं होतं. ती तशीच दारात आली.

"नळ्या बंद असलेल्या बाईला म्हनलात न्हवं? परत वाचा की."

डॉक्टरांनी परत वाचलं.

शनिवारी सोपान आला. तिनं सगळं सांगितलं, तसा तो कित्येक वर्षांनी मोकळा हसला. "चल, सोमवारीच जाऊ," म्हणाला. एस.टी.त दोघं शेजारी बसले. नसरापूरच्या पुढं तिनं त्याला हळूच विचारलं, "मुलगी झाली तर चालंल न्हवं?" "काय बी होऊ दे," सोपान म्हणाला.

लिमयेबाईंनी त्यांचं नीट ऐकून घेतलं. मग रतनला आपल्या प्रयोगशाळेत नेलं. कोपऱ्यात लोखंडी कपाटासारखी एक पेटी होती. तिच्यात कायम ऊब राखायची सोय होती.

"हात लावू का?" रतननं विचारलं आणि दारावर तळवा टेकला. पत्रा कोमट होता.

"मग हाय की बाई तुमच्याकडं!"

"ही रोगाचे जंतू वाढवून बघायची पेटी आहे, रतन. तिकडची वेगळी. आतली ऊब माणसाच्या अंगाइतकीच लागते, जराही हलून चालत नाही. आतली हवासुद्धा आपली नाही, त्यात एक वायू मोजून सोडतात. काचेला साबणाचा अंश राहिला तरी बीज मरतं. ते ज्या पाण्यात ठेवायचं, ते पाणीही रक्तासारखं जुळवून घ्यावं लागतं. आणि ते काढायचं पोटात दुर्बीण घालून, नेमक्या वेळेला." बाईंनी पेटीकडं बोट केलं. "इथं परवा लाइट गेली आणि सकाळपर्यंत ही पेटी थंडगार पडली होती."

"हितं कवा यील ते?"

"दहा-बारा वर्षं तरी. जास्तच म्हण."

"मी तिशी कवाच ओलांडली. तवर माजं बीज ऱ्हाईल का?"

लिमयेबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

परतताना सोपान खिडकीबाहेर बघत राहिला. कामथडीजवळ एकदाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." तोवर दोघांनी नशीब म्हणून सोसलं होतं. आता उपाय कुठंतरी होता आणि तो त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता, हे त्यांच्याच्यानं सोसवेना.

रतनला बाळ हातात घेववेना. पहिल्या रडण्याचा आवाज आला की ती दुसऱ्या आयेला पुढं करायची. तिनं डॉक्टरांना सांगून मागच्या मोरीवर चादरी धुवायचं काम मागून घेतलं. दिवाळीनंतर सोपानचं शनिवारचं येणं कमी झालं, मग थांबलं. शिवऱ्याला त्यानं अंजना नावाची बाई ठेवल्याचं कानावर आलं, आणि वर्षाच्या आत तिला मुलगा झाल्याचंही.

ते सांगायला सोपानची आई स्वतः आली होती. म्हातारी दारातच उभी राहून रडली.

रतननं तिला आत घेतलं, चहा टाकला.

"रडू नका आत्याबाई," ती म्हणाली. "त्येच्यात दोष नव्हताच कवा."

म्हातारी गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मोरीवरचं ते कामही तिनं सोडलं.