सहाव्या धड्याची कॅसेट

या ग्रुपवर गेली दोन वर्षं मी फक्त वाचते. लिहिलं कधीच नाही, कारण खरं सांगायचं तर इथले निम्मे अनुभव वाचून मला हसू येतं. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. सासूबाईंनी दारावर बांधलेलं लिंबू-मिरची मी त्यांच्यादेखत काढून कचऱ्यात टाकलं होतं, आणि त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता. भूत, करणी, संकेत — असलं काही मला सांगायला येऊ नका, असा माझा लौकिक आहे. तो अजूनही तसाच आहे. तरीही हे लिहितेय, कारण परवा इथे कुणीतरी लिहिलं की "लांब राहणाऱ्यांना वाईट बातमी कळवू नये, उगाच जिवाला घोर." ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

साल चौऱ्याऐंशी. ओहायोमधलं डब्लिन, कोलंबसच्या बाहेर. आज तिथे म्हणे देसी दुकानांची रांग आहे. तेव्हा कोथिंबीर दिसली तरी फोन करून एकमेकींना सांगायचो. माझा नवरा अविनाश एका इन्शुरन्स कंपनीत कॉम्प्युटरवर होता. मी डिपेंडंट व्हिसावर — नोकरी करायची नाही, शिकायला मात्र हरकत नाही. म्हणून मी शहरातल्या एका कॉलेजात रशियन घेतलं.

सगळ्यांनी वेड्यात काढलं. अमेरिकेत येऊन रशियन! पॉटलकच्या जेवणाला कुणीतरी विचारलंसुद्धा, "काय हो, गुप्तहेर व्हायचंय का?" पण कारण माझे बाबा होते. पुण्यात रशियन पुस्तकांची प्रदर्शनं भरायची, गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तकं, मराठीत भाषांतर केलेली. बाबा शाळामास्तर. दर प्रदर्शनातून पिशवी भरून आणायचे आणि वाचताना कुरकुरायचे, "मूळ कसं असेल कोण जाणे." मी कॉलेजात नाव घातल्याचं कळवलं तेव्हा त्यांचं एअरोग्राम आलं — "सावकाश शीक. मग आलीस की मला मूळ वाचून दाखव, आणि लगेच मराठीत सांग." मला दुसरं काहीच नको होतं. एवढंच करायचं होतं.

तर रोजचं असं... सकाळी बस, नऊ वाजता वर्ग. बाई होत्या लीदिया अंतोनोव्हना. साठीच्या, बुटक्या, केस घट्ट मागे बांधलेले, चाळीसेक वर्षांपूर्वी देश सोडून आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला वडिलांचं नाव विचारलं, कारण त्यांच्यात माणसाला त्याच्या नावानं आणि वडिलांच्या नावानं हाक मारतात. अमेरिकन पोरांना ते फार विचित्र वाटलं. मला काय विचित्र, माझं लग्नाआधीचं सगळं आयुष्य फॉर्मवर सुनंदा वसंत असं लिहिण्यात गेलेलं. मी झाले सुनंदा वसंतोव्हना. बाई हजेरी घेताना ते असं काही ठणकावून म्हणायच्या की मला मजा वाटायची.

वर्गात संवाद पाठ म्हणायचे. दुपारी लँग्वेज लॅब — ओळीनं लाकडी खोपटी, त्यात कॅसेट डेक आणि कान दुखवणारे हेडफोन. बाईंचा आवाज एक वाक्य सांगणार, आपण ते परत म्हणायचं, ते टेप होणार. घरी भाजी चिरताना मी तेच बडबडायची आणि अविनाश वैतागायचा. दर शुक्रवारी कॅसेटवर नाव लिहून बाईंच्या पेटीत टाकायची.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी सहाव्या धड्याची असाइनमेंट होती, "माझं कुटुंब". मी दहा वाक्यं घोकली होती. माझे वडील शिक्षक आहेत. ते पुण्यात राहतात. त्यांना पुस्तकं आवडतात. आई घरी असते. मला एक भाऊ आहे, तो इंजिनियर आहे... याच्यापुढे माझी मजल नव्हती. मला तेव्हा "काल" आणि "उद्या" यांतही गोंधळ व्हायचा. त्या दिवशी मला सणसणीत सर्दी होती आणि शेजारच्या खोपटात एक मुलगा सारखा बबलगम फोडत होता. दहा वाक्यं म्हटली, कॅसेट पेटीत टाकली, घरी आले.

मंगळवारी बाईंनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. इंग्रजीत बोलल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"हे तुला कुणी लिहून दिलं?"

"काय?"

"मला मूर्ख समजू नकोस. हे शब्द मी तिसऱ्या वर्षाला शिकवते."

आणि त्यांनी टेप लावली. माझा आवाज. चोंदलेल्या नाकाचा, माझाच. दहा वाक्यं झाली. मग मी खोकले, मागे बबलगमचा फट्ट आवाज आला... आणि मी पुढे बोलत राहिले. बोलत राहिले म्हणजे, टेपवर. संथ, न अडखळता. मला त्यातला "अत्येत्स" तेवढा कळला, म्हणजे वडील. "बल्नीत्सा" असा एक शब्द दोनदा आला, तो मी कधी ऐकलाही नव्हता.

"मला हे काय आहे तेच माहीत नाही," मी म्हटलं. "सांगा ना, काय म्हटलंय?"

बाईंना वाटलं मी नाटक करतेय. पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत त्यांनी एकेक वाक्य थांबवून इंग्रजीत सांगितलं. बल्नीत्सा म्हणजे हॉस्पिटल. माझे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत. दुसऱ्या मजल्यावर. पलंग खिडकीशी आहे. त्यांचा उजवा हात हलत नाही. भाऊ शेजारी बसलाय. आई थर्मासमधून पेज घेऊन येते. मला कळवलं आहे. माझी परीक्षा आहे. मी येऊ शकत नाही.

"आणि हा शेवट," बाई म्हणाल्या, "भाषा बिनचूक आहे, पण कोरडी. कुठली मुलगी असं बोलते?"

शून्य दिलं मला. कॉपीबद्दल. मी रडले, पण दुःखानं नाही, संतापानं. आयुष्यात कधी कुणाच्या पेपरात डोकावले नव्हते. आणि मनात म्हटलं, हा कुणाचा तरी घाणेरडा विनोद आहे, कारण यात एक गोष्ट धडधडीत खोटी होती. मला कुणीही काहीही कळवलेलं नव्हतं. गेल्याच आठवड्यात आईचं पत्र आलं होतं, "बाबा मजेत, गुडघा थोडा कुरकुरतो." ते शेवटचं खोटं म्हणून बाकीचंही खोटं, असा माझा सरळ हिशोब.

संध्याकाळी अविनाशला सांगितलं. तो जेवत होता. हातातला घास तसाच राहिला. मग म्हणाला, "कुणीतरी मस्करी केली असेल गं. कॅसेट बदलली असेल. तू नको एवढं मनावर घेऊस यार, मिडटर्म आलीय तुझी." आणि उठून टीव्हीचा आवाज वाढवला. मी त्याच्याकडे नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही.

तरी रविवारी सकाळी पुण्याला फोन लावलाच. तिकडे आमच्या घरी फोन नव्हता, खालच्या लिमये काकूंकडे होता. पाचव्यांदा लागला. तिकडे संध्याकाळ. दादा आला.

"बाबांना बोलाव."

"अगं, ते फिरायला गेलेत."

"दादा, खरं सांग. बाबा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत! तुला कुणी काय सांगितलं? तू अभ्यास कर."

"आईला दे."

आई आली. "सगळं छान आहे हं सुनू," एवढंच म्हणाली आणि लाईन खराब आहे म्हणाली. लाईन चांगली स्वच्छ होती. मला ऐकू येत होतं की लाईन स्वच्छ आहे. आणि तरी मी फोन ठेवला, कारण मला ते खरं मानायचं होतं. याबद्दल मी स्वतःवरही चिडलेय आणि चाळीस वर्षं झाली तरी तो राग उतरलेला नाही.

बाईंनी मला समोर बसवून असाइनमेंट पुन्हा टेप करायला लावली. दहा वाक्यं. या वेळी टेपवर दहाच निघाली. मी माफीसुद्धा मागितली, न केलेल्या गुन्ह्याची, विषय संपावा म्हणून.

महिनाअखेरीला मिडटर्म झाली. घरी आले तर अविनाश भर दुपारी घरात. म्हणाला, "झाली ना परीक्षा? बस जरा." आणि सांगितलं. बाबा जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेरावंसुद्धा उरकलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि दादानं अविनाशला ऑफिसच्या पत्त्यावर लिहिलं होतं — "सुनंदाला कळवू नका. ती धावत येईल, वर्ष वाया जाईल." अविनाशनं ते पत्र ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी टेपची गोष्ट सांगत होते तेव्हा त्या माणसाला सगळं माहीत होतं!

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणत राहिला, "मी दादाला शब्द दिला होता." मला शब्द दिला नव्हता का? लग्नात काय केलं होतं मग?

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, माझी कॅसेट द्या. त्या कॅसेट पुसून परत वापरत. माझीही पुसली होती, दुसऱ्या कुणाचा तरी सातवा धडा होता तिच्यावर. मी खुर्चीत बसून त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं मला सहा वर्षांनी कळलं." मला त्यांचं दुःख ऐकायचं नव्हतं. त्यांनी वही काढली, शून्य खोडलं आणि पैकीच्या पैकी मार्क लिहिले. माझ्यासमोर. त्या मार्कांचं मी काय करू, सांगा ना.

पुढच्या उन्हाळ्यात पुण्याला गेले. विमानात पूर्ण वेळ मनात तयारी करत होते. दादा, वहिनी आणि आई स्वयंपाकघरात होते, चहा चालला होता. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दुसरा मजला. खिडकीशी पलंग. उजवा हात हलत नव्हता. आई पेज न्यायची, थर्मासमधून."

दादा आईकडे वळला. "तू लिहिलंस हिला?"

"मी कशाला लिहीन? तूच शपथ घातली होतीस."

मग मी टेपचं सांगितलं. सगळं, शेवटासकट. म्हटलं, "त्यात मला कळवलंय असं होतं. परीक्षा आहे, येऊ शकत नाही, असं होतं. तेवढं खोटं होतं म्हणून मी विश्वास ठेवला नाही. नाहीतर मिळेल त्या विमानानं आले असते."

दादा कपातल्या चहाकडे बघत बसला. शेवटी वहिनीच म्हणाली, "वन्सं, बाबा रोज विचारायचे हो, सुनूला कळवलंत का. बोलणं नीट समजायचं नाही, पण तुमचं नाव कळायचं. मग ह्यांनी एक दिवस सांगितलं... तुमची तार आलीय म्हणून. कळलंय, परीक्षा आहे, येऊ शकत नाही म्हणून."

"कुठली तार?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून," दादा म्हणाला. "वाट बघून जीव टांगणीला लागला होता त्यांचा. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस!"

"आणि तू काय करणार होतीस इथे येऊन?"

हातातलं पाण्याचं भांडं मी भिंतीवर भिरकावलं. दादानं मला कधी तसं पाहिलं नव्हतं. मग मी विचारलं की तारेचं ऐकून बाबा काय म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "डावा हात वर केला. म्हणाले, शिकू दे तिला." कधीची गोष्ट ही, ते मी तिला विचारलं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा. वार तिला नक्की आठवत होता, कारण तिचा शुक्रवारचा उपास होता. मी टेप केली तोच शुक्रवार.

यावर आजवर अनेकांनी मला अनेक गोष्टी ऐकवल्या आहेत. सुप्त मन, टेलिपथी, कॅसेटवर आधीचं काही राहिलं असेल, बाईंनीच रचलं असेल. बाईंना माझ्या आईचा थर्मास कसा माहीत असणार? आणि सुप्त मनाला रशियन कुठून आलं? अविनाश म्हणतो, "तुला नीट आठवत नसेल." त्याच्याशी मी संसार केला, मुलं वाढवली, पण हा विषय निघाला की आजही खोलीतून उठून जाते. दादा दर भाऊबीजेला फोन करतो. मी बोलते. तो म्हणाला "तब्येत उत्तम," की मी म्हणते, "वहिनीला दे."

त्यामुळे कृपा करून खाली "त्यांचीही बाजू समजून घ्या" असं कुणी लिहू नका. त्यांची बाजू मला पाठ आहे. माझ्या भल्यासाठी, माझ्या वर्षासाठी, बाबांच्या शांतीसाठी. मात्र माझ्या भल्याचं मला कुणीच विचारलं नाही.

टेपवर ते कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मिळेल असंही आता वाटत नाही. मी फक्त घडलं ते सांगितलं. "मी येऊ शकत नाही" असं मी बाबांना कधीही कळवलं नव्हतं, तार केली नव्हती, तसं मनातसुद्धा आणलं नव्हतं. आणि तरी ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय... सर्दी झालेल्या, माझ्याच आवाजात.