पाहुणीचे हात धुवून होईपर्यंत

परदेशी वकिलातीतल्या एक बाई एरंडोलजवळच्या आमच्या गावी येणार, म्हणून धुळ्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मला दुभाषी व्हायचं बोलावणं आलं. दोन देशांत हवामानबदलाचा करार होणार होता. झळ बसलेल्या मोजक्या गावांना त्यातून केळीच्या बागांच्या कडेने वारा अडवायला शेवरीची रोपं आणि जाळ्या मिळणार होत्या. गाव निवडणं बाईंच्या हातात होतं आणि त्यांच्याकडे वेळ होता जेमतेम दीड तास.

त्यातला अर्धा तास माझ्या चुलत्यांनी, आबांनी, ओढ्याकाठचा हिरवागार मळा दाखवण्यात घालवला. आठवड्यापूर्वीच्या वादळात घरामागची अख्खी केळीची बाग आडवी झाली होती. तिकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. मग पंगत: केळीच्या पानावर खापरावरचे मांडे, आमरस आणि आबांचा आग्रह.

बाईंनी जेवता जेवता विचारलं, "यंदा काही नुकसान झालं का?"

"आम्हनं बठ्ठं बरं शे. सांगी दे त्यास्ले," आबा म्हणाले आणि बाईंच्या वाटीत पुन्हा रस ओतला.

माझं डोकंच फिरलं. पाहुणा पानावर असताना घरचं दुःख काढायचं नाही, ही रीत मला ठाऊक होती. पण त्या रीतीपायी गावाची संधी हातची जाणार होती. सोबतचे दिल्लीचे साहेब सारखे घड्याळ बघत होते. दुभाष्याने पदरचं घालू नये, एवढं मला कळत होतं. तरी मी घातलं.

"सगळं बरं आहे म्हणतात. पण तुम्ही हात धुतल्याशिवाय ते खरं सांगणार नाहीत."

आबांना इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो. बाईंनी उरलेला मांडा भराभर संपवला, हात धुतले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. आबा उठले आणि मागच्या बागेकडे चालू लागले.

घडांसकट मोडलेली झाडं रांगेने पडली होती. कुजल्याचा वास येत होता. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, तरी बाई लिहीतच होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे आधी का नाही दाखवलं?"

"हाई दखीसन तुमना घास उतरता का?"

हे बघून तुमचा घास उतरला असता का, असं मी शब्दाला शब्द सांगितलं.

गाव यादीत आलं. पाहुणीला घाईने पानावरून उठवलं, म्हणून आबा पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.