आत्याच्या गुडघ्याचे टाके

आत्याच्या पोटरीला तेल मी लावलं.

आज एक वर्ष झालं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सुरेखाआत्या. बाबांची धाकटी बहीण, लालबागची. चाळीतल्या पोरींना कबड्डी शिकवायची. सत्तेचाळीस वर्षांची, पण एकदा घोटा धरला की सुटायचा नाही.

मागच्या वर्षी पकड दाखवायला खाली बसली आणि उठताच येईना. गुडघा लॉक. एमआरआय काढला, आतली गादी फाटलेली.

डॉक्टर म्हणाले, "या वयात बऱ्याचदा ऑपरेशन लागत नाही. पण तुमचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलाय. कापला तर लवकर चालाल. शिवला तर सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, पण गुडघा जास्त टिकेल."

"शिवा," आत्या म्हणाली. "मला अजून पोरींना आडवं करायचंय."

मी तेव्हा गोकर्णला. एका कॅफेत भांडी घासायचे. तिथलं कुत्रं रोज माझ्याच चपलेवर झोपायचं... असो, ती वेगळी स्टोरी.

फोन आला. आले.

"इलंस गो बाय? सहा आठवडे रवतलंस?"
"राहीन."
"तू? सहा दिवस राहून दाखव."

राहिले. वॉकर, बर्फ, ब्रेस. दुपारी फोनवर प्रॅक्टिसचे व्हिडिओ. ती स्क्रीनवरच ओरडायची, "कोपरा सोडू नको, मेले!"

बाराव्या दिवशी पोटरी सुजली. दगडासारखी.

"गोळा आलाय. तेल गरम कर."

आमच्या मैदानावर पोटरीला एकच इलाज. मॅच संपली की गरम खोबरेल आणि अंगठे. लहानपणी तिनंच शिकवलेलं.

मी जोर लावून चोळली.

"हां, तिथेच. हात चांगलाय गो तुझा. आयुष्यात एवढं एकच धड शिकलीस."

दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमच्या दाराशी थांबली. "दम लागला गं."

एका श्वासात अख्खी चढाई करून परत येणारी बाई.

हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं होतं. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं. पोटरी दुखली, सुजली तर चोळू नका, लगेच या.

कागद माझ्याच बॅगेत होता. मी व्यायामाची चित्रं बघितली. खालचं वाचलं नाही. खूप लिहिलेलं दिसलं की मी सोडूनच देते. शाळेपासून.

डॉक्टर म्हणाले, "तेल नसतं लावलं तरी झालं असतं, कदाचित."

तो कदाचित घेऊन वर्षभर किती गावं फिरले, आठवत नाही.

आज चाळीत आलेय. मघाशी तुझ्या फोटोसमोर बसून तो कागद मोठ्यानं वाचला. सगळा. शेवटच्या ओळीपर्यंत.

दोन मिनिटं लागली, आत्या. फक्त दोन.

सहा आठवडे राहायचं ठरलं होतं ना आपलं? मी राहिले होते गं. तूच तेराव्या दिवशी निघालीस.

नीट जा.

आता पाय टेकवलास तरी चालेल.