बघणाऱ्याची बाजू

ते मंगळवारी गेले. बुधवारी वाचनालयाच्या फळ्यावर त्यांचं नाव लिहायला मला बोलावलं. माझं अक्षर बरं आहे म्हणून.

बोलण्याआधी ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "माझं आपलं साधं आहे सर, चुकलं तर सांगा." असं म्हणणारी माणसं सहसा चुकत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. आनंदनगरच्या एका कारखान्यात ते कॅमेऱ्यांच्या खोलीत पडद्यांवर नजर ठेवत बसायचे. दिवसपाळी संपली की डब्याच्या पिशवीसकट थेट आमच्या हेंद्रेपाड्यातल्या वाचनालयात.

एकदा चर्चेला ती गाजलेली कादंबरी होती, राज्यकर्ते घराघरांत पडद्यातून नजर ठेवतात ती. मी ती कॉलेजात वीस वर्षं शिकवलेली. कुणा समीक्षकाला ती हुकूमशाहीवरची वाटते, कुणाला भाषेच्या गळचेपीवरची, कुणाला फसलेल्या प्रेमाची, असं सगळं मांडत तासभर बोललो.

मग चष्मा कपाळावर गेला.

"सर, पडद्यामागं बसलेल्या माणसाचं कोणीच काही लिहिलं नाही का? आमच्याकडं पॅकिंगमधली एक बाई रोज चारला खोक्यांमागं जाऊन रडायची. मी रिपोर्ट करायला पाहिजे होता. नाही केला. रोज बघून बघून माया लागते हो. त्या राज्याला खरी भीती या मायेचीच असणार."

मग ग्रंथपालबाई म्हणाल्या, "घ्या सर! तुमची वीस वर्षं एकीकडे अन् यांची ड्युटी एकीकडे."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

वाचनालयाच्या वार्षिक अंकाचा संपादक मीच. ग्रंथपालबाईंच्या आग्रहावरून त्यांनी त्या मायेवर चार पानं लिहून दिली. "जागा नाही," असं सांगून मी ती परत केली. त्याच कादंबरीवरचा माझा अकरा पानांचा लेख आला. त्यात ते मायेचं वाक्य होतं, त्यांचं नाव नव्हतं. आमचा अंक आम्ही हौसेनं छापतो, वाचत कोणी नाही.

त्यांनी वाचला. उभ्या उभ्या, माझ्यासमोर. त्या पानावर थांबले. मी कपाटातली पुस्तकं सरळ करत राहिलो.

"छान आलंय सर. माझ्याच्यानं एवढं नीट जमलं नसतं."

टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते लगेच म्हणाले, "चला, चहा घेऊ," आणि चहा त्यांनीच पाजला.

शोकसभेत मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो. खाली बसल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "त्या कादंबरीवर ते काहीतरी भारी बोलले होते. काय हो ते?"

"मलाही नीट आठवत नाही," मी म्हणालो.

वाचनालयात त्या अंकाच्या दोन प्रती आहेत. दोन्हींत ते वाक्य माझ्या नावावर आहे.