रोझामावशींचा डावा हात

आंब्याला मोहोर आला की त्याच्या उग्रमधुर गंधात कोर्लईच्या वाळत्या मासळीचा खारट वास मिसळतो आणि मला रोझामावशींचा पियानो आठवतो. मी पलीकडच्या रेवदंड्याचा, देवळातल्या भजनात पेटी वाजवणारा. खाडी तरीने ओलांडून त्यांच्याकडे शिकायला जात असे. संधिवाताने मावशींचा डावा हात पार आखडला होता आणि लेकीच्या लग्नात त्यांनीच वाजवलेली धून आता नातीच्या लग्नात त्यांना वाजवायची होती. जावई म्हणत होता, मुंबईहून ग्रामोफोन आणू. तो मावशींना नको होता. उजव्या हाताने त्या चाल वाजवणार, डाव्या हाताचे काम माझे, असे ठरले.

पण माझा डावा हात जन्माचा भाता ओढणारा! धून सुरू झाली की तो हवेतच मागेपुढे होऊ लागे. “अरे बाबा, ह्या पेटीला वारा लागत न्हाय!” मावशी हसत.

तीन सुरांच्या झुबक्याला त्या कॉर्ड म्हणत. षड्ज, गंधार, पंचम मला चटकन सापडले. परंतु तंबोऱ्यावर पोसलेल्या माझ्या कानाला प्रत्येक झुबक्याचा मूळ सूर तळाशीच हवा असे, म्हणून दर वेळी हात लांब उडी मारी आणि तोवर चाल पुढे निघून जाई.

“खालचा सूर उचल नि वर ठेव. तेच तिघं हायेत रे, बसायची जागा तेवढी बदलली.”

षड्जाला वर धाडून गंधाराने तळाशी बसायचे, हे मला मुळीच पटेना. चीड आली, पण मी हट्टाला पेटलो; जेवताना पाटाच्या कडेवर, तरीत बसल्यावर फळीवर बोटे फिरवत राहिलो. एका संध्याकाळी, खाडीवरचे ऊन तांबूस होत असताना, पियानोवर माझा हात जागचा हललाच नाही. बोटे तेवढी शेजारी सरकली आणि मी चालीबरोबर पोहोचलो. आनंदाने मला ओरडावेसे वाटले.

लग्नाच्या दिवशी ओसरीवर आम्ही एकाच बाकावर बसलो. नात उंबऱ्यात आली, तिला पाहताच मावशींचा हात डोळ्यांकडे गेला आणि चाल तुटली. मी तोच झुबका धरून राहिलो, मूळ सूर कधी तळाशी, कधी मध्ये, कधी वर ठेवत, मावशींनी पदराने डोळे पुसून चाल पुन्हा हाती घेईपर्यंत.

त्या आठवड्यात भजनाला बसलो तेव्हा डावा हात नेहमीसारखा भाता ओढत होता; फक्त तीन बोटे त्याच्या लाकडावर हलकेच दाबली जात होती, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखी. मी त्यांना थांबवले नाही.