दोन महिन्यांसाठी ठेवलेले मासे

आमचा मुलगा हिंजवडीतल्या कंपनीत होता, तेव्हा निगडीच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे एकत्र राहायचो. तो, सून, नात आणि आम्ही दोघं. नातीच्या वाढदिवसाला त्याने तीन फुटी काचेची टाकी आणली. हॉलमध्ये जिथे बुद्धमूर्ती असायची तिथेच ती बसवली, कारण प्लग तिथे होता. मूर्ती तिच्या लाकडी कप्प्यासकट आमच्या खोलीत गेली. पोरगी टाळ्या पिटत होती.

मासे तीन होते, अंगठ्याएवढे, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी असलेले. ऑस्कर म्हणतात त्यांना. मोठे झाल्यावर केवढे होतात हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडले. आठवड्याभरात पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि एक मासा पोट वर करून तरंगायला लागला. मग मुलाने मोबाईलवर वाचून आम्हाला समजावलं. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं, ते पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, आणि तोवर थोडं थोडं पाणी बदलत राहावं लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी आधी ड्रममध्ये साठवून ठेवायचं. त्याने हौसेने केलंही. रविवारी सकाळी नळी तोंडात धरून पाणी ओढायचा, नात बादलीत हात घालून बसायची. ते दिवस चांगले होते, हे मला नाकारायचं नाही.

मग त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. सामान बांधायला माणसं आली तेव्हा त्यांनी टाकीला हात लावायला नकार दिला. काच फुटली तर जबाबदारी कोणाची, म्हणाले.

"आई, दोन महिने सांभाळा," मुलगा म्हणाला. "घर लागलं की मी येऊन घेऊन जातो. दर आठवड्याला फक्त एक तृतीयांश पाणी बदलायचं. बाकी काही नाही."

आमचे मालक, म्हणजे मुलाचे पप्पा, तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला उभा जन्म गेला त्यांचा, आणि पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या आवाजाने कानही गेले. घरात कोण काय बोललं ते त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागतं, म्हणून हळूहळू आम्ही त्यांच्याशी कमी बोलायला लागलो होतो. माशांशी बोलावं लागत नाही. ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि मासे काचेशी यायचे. मला वाटलं, बरं आहे, माणसाला काहीतरी काम मिळालं.

पण मासे वाढत होते. महिन्याला बोटभर वाढत होते म्हटलं तरी चालेल. वितीएवढे झाले, मग त्याहून मोठे. टाकीत वळायचं तर शेपूट काचेला घासायचं. जेवढं खायचे तेवढी घाण करायचे. आठवड्याला पाणी बदलून पुरेना, मग दोनदा, मग जवळजवळ पाणी येईल त्या दिवशी. आमच्याकडे महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी प्यायचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं आणि आता माशांचं. बाल्कनीत ड्रम ठेवला होता. तिथून हॉलपर्यंत बादल्या आणायच्या, टाकीतलं पिवळं पाणी उपसून संडासात ओतायला न्यायचं. मी भोसरीला वायरिंगच्या कामावर होते तेव्हापासून माझ्या मनगटात दुखणं आहे. बादली ते उचलायचे, फरशी मी पुसायचे.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. फिल्टर बंद पडला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करत. मग आम्ही आळीपाळीने स्टुलावर उभं राहून मगाने पाणी उंचावरून परत त्यातच ओतत राहायचो, हवा मिसळावी म्हणून. लाईट येईपर्यंत.

एकदा मालकांनी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला. स्वच्छ, पांढराशुभ्र केला. दोन दिवसांत पाणी गढूळ झालं, मासे तळाशी जाऊन पडले. मुलाला फोन केला.

"पप्पा, नळाखाली कशाला धुतला? टाकीच्याच पाण्यात पिळायचा म्हणून सांगितलं होतं ना? सगळे जिवाणू मेले त्यातले!"

मालक फोन कानाला लावून उभे होते. कारखान्यात साहेबासमोर उभे राहत असतील तसे. "चुकलं बाबा," म्हणाले. "आता काय करू, सांग."

रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. नातीला मासे बघायचे असत. मी टाकीला पाठ करून फोन धरायची. "आजी, थोडी बाजूला हो ना, तू मध्ये येतेस," ती म्हणायची. मी बाजूला व्हायची. मागून मुलाचा आवाज यायचा, "पाणी पिवळं दिसतंय. बदललं नाही का?" त्याच्या पप्पांची शुगर किती आली, हे मी सांगायला घेतलं की त्याची मीटिंग सुरू व्हायची.

दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. एकदा मी स्पष्ट विचारलं, "दुकानात देऊन टाकू का? आमच्याच्याने होत नाही."

"आई, तिला काय सांगू मी? रोज विचारते ती. अजून थोडे दिवस. दिवाळीला येतोच आहे."

दिवाळीला ते सुनेच्या माहेरी गेले.

मी मालकांना म्हटलं, "आपण देऊन टाकू. तो काय येत नाही." ते म्हणाले, "जीव हाय तो. पोरीचा हाय. राहू दे." त्यांना मासे आवडत होते की नातीसाठी काही करतोय हे आवडत होतं, मला कधी कळलं नाही. विचारलंही नाही.

पावसाळा संपता संपता ते पडले. पाण्याचा दिवस होता, मी ओट्याशी पिण्याचं पाणी भरत होते. धपकन आवाज आला, मग बादली गडगडल्याचा. जाऊन बघते तर हॉलभर पाणी आणि मधोमध ते. उठता येत नव्हतं. ओरडत नव्हते, नुसते छताकडे बघत होते. शेजारच्या दोघांनी उचलून रिक्षात घातलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मुलगा ऑपरेशनच्या दिवशी आला, लॅपटॉप घेऊन. मालकांना आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. बराच वेळ तो काही टाइप करत होता. मग झाकण लावून म्हणाला, "मासेच होते ना, आई? मेले असते तर मेले असते. या वयात बादल्या उचलायला कुणी सांगितलं होतं?"

"तूच."

"मी बादल्या उचला म्हणालो नव्हतो. पाणी बदला म्हणालो होतो. कुणीतरी बाई लावायची."

लहानपणी याला ताप आला की याचा बाप रात्रपाळीहून येऊन न झोपता दवाखान्यात रांगेत बसायचा. ते काढून काय उपयोग होता? म्हटलं, "चहा घेणार का?" तो हो म्हणाला. मी आणून दिला.

लोक मला सांगतात, मुलगा वाईट नाही तुमचा, बिल सगळं त्याने भरलं. भरलं. मी कुठे नाही म्हणते?

मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा एक मासा मेलेला होता. शेजारणीने माझ्या सांगण्यावरून खाणं घातलं होतं, पण मूठभर घातलं होतं. न खाल्लेल्या दाण्यांनी पाणी नासलं आणि हॉलमध्ये शिरवत नव्हतं. मी मासा कागदात गुंडाळला, पाणी उपसलं, ड्रममधलं भरलं. अर्धी अर्धी बादली करत. दुसऱ्या माशाने त्या दिवशी काचेशी येऊन माझ्याकडे बघितलं. त्याचा राग मला कधी आला नाही. त्याने कुणाला काही कबूल केलं नव्हतं.

मालक घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मी दुकानदाराला बोलावलं. त्याने जाड पिशवी आणली होती. टाकीकडे बघून म्हणाला, "काकू, एवढा झाला की सगळेच परत देतात. यांना पाच-सहा फुटी टाकी लागते."

"मग विकताना का नाही सांगत?"

"सांगितलं तर कोण घेईल?" असं म्हणून तो हसला.

मासा पिशवीत तडफडला तेव्हा उघड्या दारातून बघत असलेले मालक खाटेवरून मोठ्याने म्हणाले, "हळू धरा त्याला. डोळ्याला लागंल."

पुढच्या रविवारी नातीने विचारलं तेव्हा सून मागून खुणा करत होती, सांगू नका म्हणून. मी सांगितलं. "बाळा, मासे आता नाहीत. एक मेला, एक दिला. आजोबांना पाणी भरता येत नाही." ती "ओके," म्हणाली. मग तिने मला तिचा नवा हॅमस्टर दाखवला, पिंजऱ्यातला उंदरासारखा प्राणी. दोन महिने झाले होते म्हणे त्याला आणून.

मालक आता वॉकर धरून हॉलपर्यंत येतात. मूर्ती मी परत हॉलमध्ये आणलेली नाही. माझ्याने तो लाकडी कप्पा उचलवत नाही आणि कुणाला सांगावंसं वाटत नाही.

परवा कुरिअर आलं. मुलाने पाठवलेलं. खोक्यावर चित्र, छोटी गोल टाकी, आत दिवा आणि रंगीत खडे, आणि मोबाईलवर मेसेज: पप्पांना विरंगुळा होईल, यात एकच छोटा मासा ठेवा, काही त्रास नाही. मी कुरिअरवाल्याला थांबवलं आणि खोकं होतं तसं परत दिलं.

"ठेवायचं होतंस," मालक म्हणाले. "पोराला वाईट वाटंल."

मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, "वाटू दे."

त्यांना ऐकू आलं.