सरूनं फुंकलेलं निरांजन

रोह्याहून वरशाकडं जाताना रस्त्याला लागून सरूची बॅटऱ्या चार्ज करायची खोली होती. खोली म्हणजे काय, चार पत्रे, एक खिडकी आणि नवऱ्यानं, कमळाकरनं, मागं ठेवलेला ट्रंकेएवढा चार्जर. बहात्तर साली कमळाकर तापानं गेला, तेव्हा तेराव्याच्या पंगतीतच ठरून गेलं, की दुकान आता थोरले दीर बघणार. चौदाव्या दिवशी सरूनं किल्ली कमरेला खोचली आणि दार उघडून बसली.

"पांढऱ्या कपाळाची बाई दुकानात! गिऱ्हाईक फिरकंल काय?" थोरले दीर हैबतराव म्हणाले.

"भावजी, बॅटरीला सवाष्ण लागत नाय," सरू म्हणाली. "सोन्याची पाटली दोन टोकांना टेकली तर मनगट भाजून निघतं. माझे हात मोकळेच हायेत. कामाला बरे."

शिस्त तिनं नवऱ्याच्या डोळ्यावरून शिकलेली. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून वायू सुटतो, दिसत नाय, वासही नाय. कमळाकरनं एकदा तिथंच विडी पेटवली आणि बॅटरी फुटून आतलं ॲसिड त्याच्या डोळ्यांत उडालं. सरूनं दोन घागरी पाणी डोळ्यांत ओतलं म्हणून एक तरी वाचला. तेव्हापासून खिडकी सताड उघडी, बॅटरीची बुचं सैल, आणि आधी बटण बंद, मगच तारांच्या चिमट्यांना हात, नायतर ठिणगी उडते. लिहिता येत नव्हतं, म्हणून दारावर विडीचं चित्र काढून तिनं फुली मारली. विडी कसली, पडवळच दिसायचं. पण लोकांना कळायचं.

पुढल्या वर्षीची खंडेनवमी आली. हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस. तीन बॅटऱ्या चार्जिंगला होत्या. त्यातली एक मुसाभाईंच्या ट्रकची. दुपारी त्यांना पेणला माल पोचवायचा, म्हणून ते दारातच उभे. एवढ्यात हैबतराव सोवळं नेसून, ताटात निरांजन पेटवून आले. मागं चार बायका.

सरू उंबऱ्यात आडवी झाली. "फुलं वाहा, हळदकुंकू वाहा. दिवा रस्त्यापलीकडं लावा."

"देवाचा दिवा रस्त्यावर? तुला लाज हाय काय गो?"

"देवाला हाय माहीत आत काय भरलंय. तुम्हाला नाय."

"दिवा लागणार नसंल तर किल्ली ठेव खाली! रीत मोडणारीच्या हातात दुकान ऱ्हायचं नाय." असं म्हणून हैबतरावांनी ताट पुढं केलं आणि आत पाय टाकला.

सरूनं वाकून फू केलं.

बायकांच्या तोंडाला पदर गेले. दिवा फुंकायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. तोही सणाचा, तोही विधवेनं! हैबतराव भरल्या ताटावरून उठवल्यासारखे लाल झाले.

सरूनं कमरेची किल्ली काढून त्यांच्या ताटात, विझल्या वातीशेजारी ठेवली. "घ्या. मुसाभाईंना बॅटरी पाहिजे. काढून द्या."

आता माघार कशी घ्यायची? ताट फळीवर ठेवून हैबतराव तरातरा गेले आणि त्यांनी लाल चिमट्याकडं हात नेला. बोटात अंगठी, चार्जर घूं घूं करतोय.

"अहो, बटण!" मुसाभाई ओरडले.

त्याआधीच सरूनं दिराचं मनगट धरलं होतं. थोरल्या दिरासमोर भावजयीनं पदर सावरून उभं राहायचं, आणि हिनं मनगट धरलं! तेही गच्च.

"एक ठिणगी, भावजी. तुमच्या भावाचा एक डोळा वाचला. तुमचे किती वाचतील, सांगता येत नाय."

हैबतरावांनी अंगठीकडं बघितलं, मग दारावरल्या पडवळाकडं. सरूनं मनगट सोडलं, बटण बंद केलं, एकेक चिमटा सोडवला आणि बॅटरी पुसून मुसाभाईंच्या हवाली केली.

"ताई," जाता जाता मुसाभाई म्हणाले, "उद्या दुसरी आणतो. किल्ली कुणाकडं ऱ्हाईल?"

हैबतराव ताट उचलून रस्ता ओलांडून करंजाच्या झाडाखाली गेले. काडी ओढून निरांजन पुन्हा पेटवलं, तोंडानं पुटपुटत. मंत्र होता की सरूला शिव्या, कोण जाणे. पण किल्ली मात्र फळीवर ठेवून गेले होते.

सरूनं ती कमरेला खोचली, हात धुतले आणि बंद चार्जरला हळदकुंकू वाहिलं.